दमा की सीओपीडी? नव्याने निदान झालेल्या पुणेकरांसाठी

डॉक्टरांनी पंप लिहून दिलाय, रिपोर्टवर ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ असं काहीतरी छापलंय आणि घरी आल्यावर जो तो विचारतोय, “म्हणजे दमाच ना?” हा लेख त्या दिवसापासून पुढे काय करायचं यासाठी आहे. मी पुण्यात छातीच्या दवाखान्यात स्पायरोमेट्री करते, म्हणजे रुग्णांना नळीत फुंकायला लावून त्यांची फुप्फुसं किती चालतात ते मोजते. औषध कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. पण त्यानंतरचे प्रश्न बरेचदा आमच्या खोलीत येतात, आणि ते ऐकून माझं एक मत पक्कं झालंय: आजार नेमका कोणता ते मोजून घेतलं आणि औषध फुप्फुसापर्यंत नीट पोचवलं, तर यातल्या बहुतेकांचे हाल टळतात. बाकी सगळं त्यानंतर.

पहिली पायरी: अडतंय कुठे ते समजून घ्या

धाप लागलेला माणूस म्हणतो, “श्वास आत जात नाही.” खरं तर या आजारांत श्वास बाहेर पडताना अडतो. आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुलते आणि श्वासनलिका जरा रुंद होतात. सोडताना त्या आपसूक थोड्या आवळतात. नळ्या आधीच सुजलेल्या किंवा कफाने भरलेल्या असतील, तर सोडताना त्या इतक्या अरुंद होतात की हवा पूर्ण बाहेर पडतच नाही. जुनी हवा आत साठून राहते, तिच्यावर नवा श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि म्हणून जीव घाबरा होतो. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो तोही बहुधा श्वास सोडताना.

दम्यात नळीचं आतलं अस्तर सुजतं, भोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ तयार होतो. पण हे सगळं कमी-जास्त होत राहतं. रात्री किंवा पहाटे त्रास, दुपारी माणूस ठणठणीत. अनेकांचा दमा लहानपणी सुरू होतो, सोबत सारख्या शिंका, नाक वाहणं, अंगावर खाज किंवा घरात कुणाला तरी दमा असतो. मात्र चाळिशीनंतरही तो पहिल्यांदा होऊ शकतो.

सीओपीडी या नावाखाली दोन आजार येतात. त्यातल्या क्रॉनिक ब्राँकायटिसमध्ये कफ तयार करणाऱ्या ग्रंथीच वाढलेल्या असतात. सलग दोन वर्षं, प्रत्येक वर्षी किमान तीन महिने, बहुतेक दिवस बेडका पडणारा खोकला असेल आणि त्याला दुसरं कारण सापडत नसेल, तर डॉक्टर हे नाव देतात. “सिगारेटचा खोकला आहे, सकाळी दोन बेडके पडले की मोकळं वाटतं,” असं सांगणाऱ्यांना आपल्याला आजार आहे असं वाटतच नाही.

दुसऱ्यात, म्हणजे एम्फिसीमात, बिघाड आणखी खोल असतो. नळ्यांच्या टोकाला कोट्यवधी वायुकोश असतात, त्यांच्या पातळ भिंती तुटतात. फुप्फुस सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखं होतं: ताणलं जातं, पण परत आवळत नाही. तुटलेल्या भिंती औषधाने जुळत नाहीत. हे दोन आजार बहुधा एकाच माणसात कमी-अधिक प्रमाणात एकत्र असतात आणि दोघांना मिळून सीओपीडी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये सीओपीडीने जगभरात सुमारे ३५ लाख माणसं गेली, म्हणजे मृत्यूच्या कारणांत चौथा क्रमांक. तरी हे नाव पहिल्यांदा ऐकतोय असं म्हणणारे मला रोज भेटतात. कारण तो हळूहळू येतो. गेल्या वर्षी पर्वती न थांबता चढणारा माणूस यंदा मध्ये दोनदा थांबतो आणि म्हणतो, “वय झालं आता.”

हा फरक कळणं का महत्त्वाचं? कारण उपचाराचा पायाच वेगळा आहे. दम्यात सूज उतरवणारं श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड हे मुख्य औषध. त्याच्याशिवाय नुसतं नळ्या रुंद करणारं औषध वर्षानुवर्षं घेत राहणं धोक्याचं. सीओपीडीत उलट, दीर्घकाळ नळ्या रुंद ठेवणारी औषधं आधी येतात आणि स्टिरॉइड सगळ्यांना लागत नाही. उगाच घेतलं तर न्यूमोनियाचा धोका वाढतो. काहींना दोन्ही आजार एकत्र असतात. म्हणून शेजारच्या काकांना लागू पडलेला पंप स्वतःसाठी आणू नका.

दुसरी पायरी: फुंकून मोजा

आधी एक गोष्ट. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची टीबीसाठी तपासणी करून घ्या, सरकारी केंद्रात ती मोफत होते. पूर्वी टीबी होऊन बरा झाला असेल तरी डॉक्टरांना सांगा, कारण त्यानेही नळ्या कायमच्या अरुंद राहू शकतात. हृदयाचा त्रास आणि रक्त कमी असणं यानेही धाप लागते, म्हणून ईसीजी किंवा रक्ततपासणी सांगितली तर “मला छातीचा त्रास आहे, हे कशाला?” म्हणू नका.

छातीचा एक्स-रे लागतोच, पण दम्यात तो अगदी स्वच्छ असू शकतो. श्वास अडतोय की नाही, आणि किती, हे स्पायरोमेट्री सांगते. पुण्यात ती बहुतेक छातीच्या डॉक्टरांकडे आणि मोठ्या रुग्णालयांत होते. खर्चाची अडचण असेल तर ससून, औंधचं उरो रुग्णालय किंवा पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय इथे चौकशी करा.

जाण्यापूर्वी पोटभर जेवू नका. चालू असलेला कोणता पंप किती तास आधी बंद ठेवायचा ते विचारून घ्या. झटपट आराम देणारा साधारण चार ते सहा तास, दीर्घकाळ चालणारा त्याहून जास्त. पण त्या वेळात धाप लागलीच तर पंप घ्या, तपासणी दुसऱ्या दिवशी होईल. नुकताच हार्ट अटॅक, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, थुंकीतून रक्त पडत असेल तर आधीच सांगा.

खोलीत आल्यावर आम्ही नाकाला चिमटा लावतो. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा घट्ट असेल तर सैल करायला सांगतो, लाज वाटून घेऊ नका. कवळी घट्ट बसत असेल तर तोंडातच राहू द्या. मग छाती पूर्ण भरेल इतका श्वास घ्यायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि एका धक्क्यात, जीव खाऊन फुंकायचं. इथपर्यंत बहुतेकांना जमतं. चूक पुढे होते. दोन सेकंदांत “संपला श्वास” असं वाटून लोक थांबतात, आणि स्क्रीनवर रेघ अजून वर चढत असते. अडलेली हवा हळू निघते, म्हणून शेवटचे सेकंदच महत्त्वाचे. मी समोर उभी राहून “अजून, अजून, अजून, सोडू नका” असं ओरडत असते ते त्यासाठी. साधारण सहा सेकंद तरी फुंकायचं असतं आणि नीट जमलेले किमान तीन प्रयत्न लागतात. खोकला येतो, डोळ्यांत पाणी येतं, गरगरतं. थांबा, पाणी प्या, पुन्हा करा. मग सालब्युटामॉल या नळ्या रुंद करणाऱ्या औषधाचे चार पफ (पंपाचे फवारे) देऊन साधारण पाव तासाने हेच सगळं पुन्हा.

रिपोर्टवर दोन आकडे शोधा. एफव्हीसी म्हणजे एका दमात एकूण बाहेर पडलेली हवा. एफईव्ही-वन म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली. औषधाच्या पफनंतरही दुसऱ्याला पहिल्याने भागून उत्तर ०.७० पेक्षा कमी आलं, तर अडथळा कायम आहे असं धरून सीओपीडीचा विचार होतो. पफनंतर एफईव्ही-वन किमान १२ टक्के आणि किमान २०० मिलिलिटर वाढला, तर पारडं दम्याकडे झुकतं. दम्याचा त्रास नसलेल्या दिवशी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, त्यावरून दमा नाहीच असं ठरत नाही. अशा वेळी डॉक्टर पीक फ्लो मीटर देतात: हातात मावणारी साधी नळी, सकाळ-संध्याकाळ उभं राहून तीनदा फुंकायचं आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. दोनेक आठवड्यांची ती वही डॉक्टरांना खूप काही सांगते. कंटाळा करू नका.

तिसरी पायरी: पंप घ्यायला शिका

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे. औषध बरोबर, डोस बरोबर आणि तरी आराम नाही, अशा माणसाला मी आधी म्हणते, “माझ्यासमोर एकदा घेऊन दाखवा.” कारण बरेचदा तिथेच सापडतं.

आधी भीतीबद्दल. “पंपाची सवय लागते, गोळीच बरी,” हे वाक्य घराघरांत आहे. हिशोब करून बघा. सालब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ४,००० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक गोळी म्हणजे चाळीस पफ, आणि तेही आधी पोटात, मग रक्तात, मग सगळ्या अंगभर. हात थरथरतात, छाती धडधडते. स्टिरॉइडचंही तसंच, ब्युडेसोनाइडचा एक डोस २०० मायक्रोग्रॅमचा असतो, तर प्रेडनिसोलोनची सर्वांत छोटी नेहमीची गोळी ५ मिलिग्रॅमची. पंपातलं औषध हवं तिथे थेट पोचतं, म्हणून इतकं थोडं पुरतं. रोजचा पंप रोज लागतो, तो आजार रोज असतो म्हणून. बीपीची गोळी रोज घेणाऱ्याला आपण सवय लागली म्हणत नाही.

याउलट ‘दम्यावर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या, वर नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून लांब राहा. अशा पुड्यांत स्टिरॉइड कुटून घातल्याचं आढळलेलं आहे. झटकन आराम पडतो तो त्यामुळेच, आणि पुढे साखर, हाडं, बीपी सगळं बिघडतं.

पंप दोन कामांचे असतात. एक रिलीव्हर, धाप लागली की घ्यायचा. दुसरा कंट्रोलर, बरं वाटत असलं तरी रोज घ्यायचा. रंगावर जाऊ नका, वरचं नाव वाचा आणि कुठला कशासाठी ते मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. काहींना एकच पंप दोन्ही कामांसाठी देतात, तेही विचारून घ्या. दम्यात नुसत्या रिलीव्हरवर भागवणं २०१९ पासून जागतिक मार्गदर्शनातून बाद झालंय. रिलीव्हरने लगेच बरं वाटतं, पण सूज तशीच राहते आणि एक दिवस मोठा अटॅक येतो. रिलीव्हर आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल, तर दमा ताब्यात नाही असं समजून डॉक्टरांना दाखवा.

दाबायचा पंप असेल तर तो हलवा, टोपण काढा, हनुवटी थोडी वर. आधी श्वास पूर्ण सोडा. ही पायरी सर्वांत जास्त विसरली जाते. मग नळी दातांमध्ये धरून ओठ मिटा, सावकाश आत ओढायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी एकदाच दाबा. ओढणं चालूच ठेवा, छाती भरेपर्यंत. दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. आरशासमोर घेऊन बघा: नाकातून किंवा ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा फवारा निघताना दिसला, तर तेवढं औषध हवेत गेलं.

हाताचा आणि श्वासाचा मेळ बसत नसेल, आणि पुष्कळांचा बसत नाही, तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, घ्या. लहान मुलांना मास्कचा स्पेसर. पंप त्यात दाबायचा आणि मग निवांत श्वास घ्यायचा, औषध घशात चिकटण्याऐवजी खाली उतरतं. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवा आणि कापडाने न पुसता तसाच वाळू द्या. पुसल्याने आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटून बसतं.

रोटाहेलरसारखं कॅप्सूलचं यंत्र असेल तर नियम उलटा: श्वास जोरात आणि खोल ओढायचा, कारण पावडर आपल्याच ओढीने उडते. आत कॅप्सूल फिरल्याचा आवाज यायला हवा. यंत्रात श्वास सोडायचा नाही, ओलाव्याने पावडरचे गोळे होतात. घेऊन झाल्यावर कॅप्सूल उघडून बघा, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. आणि ती कॅप्सूल गिळायची नाही. काहीजण गोळीसारखी पाण्याबरोबर घेतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. दात घासायच्या आधी पंप, ही वेळ ठेवली की चूळ आपोआप होते.

चौथी पायरी: आपला धूर, आपली धूळ शोधा

विडी-सिगारेट सोडणं हे सीओपीडीत कुठल्याही पंपापेक्षा मोठं औषध आहे. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की सिगारेट सोडल्यावर गेलेली ताकद फारशी परत येत नाही, पण पुढची घसरण न ओढणाऱ्या माणसाच्या वेगावर येते. म्हणजे साठीत सोडली तरी फायदा आहेच. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर बोला.

पण पुण्यात मला कधीच विडी न ओढलेल्या सीओपीडीच्या बायका खूप दिसतात. मुळशी, वेल्हा, भोरकडून आलेल्या आजींना विचारलं की कळतं, चुलीपुढे आयुष्य गेलंय. शहरातही पाणी तापवायला लाकडं, गोवऱ्या, कधी प्लॅस्टिकसुद्धा घालून बंब पेटायचे, काही घरांत अजून पेटतात. डॉक्टर “सिगारेट ओढता का?” एवढंच विचारतील, तर चूल, बंब आणि मिसरी भाजण्याचा धूर आपण होऊन सांगा. बंब बंदच करता येत नसेल तर निदान उघड्यावर न्या आणि पेटवायचं काम धाप लागणाऱ्या माणसाकडे देऊ नका.

डासांची कॉइल साधी समजू नका. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले होते. बंद खोलीत रात्रभर ती बाळाच्या उशाशी जळते हे ऐकलं की माझा जीव कासावीस होतो. मच्छरदाणी लावा. दिवाळीत मुलांना ‘बिनधोक’ म्हणून दिली जाणारी सापाची गोळी तर घरात आणूच नका. पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये फटाके मोजले, तेव्हा सर्वांत जास्त सूक्ष्म कण तिच्यातून निघाले.

पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत माजतं. १९५० च्या दशकात भारतात तण म्हणून ते पुण्यातच नोंदलं गेलं आणि आता देशभर आहे. त्याच्या परागकणांनी अनेकांना शिंका, खाज आणि दम्याचा त्रास होतो. ते फुलायच्या आधी उपटावं लागतं, पण दमा असलेल्याने स्वतः उपटायला जाऊ नये. घरात ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी, झुरळं आणि गाद्या-गोधड्यांतले डोळ्यांना न दिसणारे धूलिकिडे हे आणखी नेहमीचे. चादरी-अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

हिवाळ्यात पुण्याची थंड हवा जमिनीलगत बसून राहते, गाड्यांचा आणि शेकोट्यांचा धूर वर जात नाही. तळजाईला पहाटे सहाला जाण्यापेक्षा ऊन वर आल्यावर जा. हवेचा निर्देशांक पाषाणच्या आयआयटीएम संस्थेच्या ‘सफर’ यंत्रणेवर बघता येतो. दुचाकीवर तोंडाला बांधलेला स्कार्फ उन्हाला ठीक, सूक्ष्म कण त्यातून आरपार जातात. एन-९५ मास्क लावा.

कबुतरांबद्दल लोक फार विचारतात. त्यांच्या विष्ठेने होणारा मुख्य आजार यांपेक्षा निराळा, त्यात फुप्फुसाच्या ऊतींना सूज येऊन ती कडक होत जातात. पण बाल्कनीत कबुतरं असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

औषधांतही शत्रू असतात. प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीपीच्या गोळ्या, काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब आणि काहींना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन यांनी दमा उसळतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दमा आहे म्हणून सांगा.

पाचवी पायरी: अटॅकची तयारी आधीच करा

एक वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर, गळ्याखाली खड्डा पडतोय, माणूस पेंगुळलाय, किंवा रिलीव्हर घेऊनही उतार नाही: यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन. तोवर माणसाला झोपवू नका, पुढे झुकवून बसवा. स्पेसरमधून रिलीव्हरचा एक पफ, चार श्वास, मग दुसरा, असे चार द्या. काही मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा चार. भोवती गर्दी करू नका. हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावा, कारण रात्री अडीचला कुणाला काही आठवत नाही.

सीओपीडी असलेल्यांच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र असेल तर एक सावधगिरी. त्यांच्यातल्या अनेकांना रक्तातल्या ऑक्सिजनची ८८ ते ९२ टक्के एवढीच पातळी राखायची असते. आकडा ९८ करायच्या नादात नळ जास्त सोडला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. डॉक्टरांनी ठरवलेला आकडाच यंत्रावर चिकटवून ठेवा.

त्यानंतर

फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनियाविरुद्धची, डॉक्टर सांगतील तेव्हा. धाप लागते म्हणून चालणं बंद करू नका, पायाचे स्नायू सुकले की धाप आणखी लवकर लागते. जिना चढताना नाकाने श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून त्याच्या दुप्पट वेळ सोडा. साठलेली हवा निघायला वेळ मिळतो. प्राणायामाने बरं वाटत असेल तर खुशाल करा, पंप चालू ठेवून.

पुढच्या भेटीला जाताना पंप, स्पेसर, वही आणि जुना स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट पिशवीत घाला. नुसती चिठ्ठी नको. पंप तुमच्या हातात असेल तर डॉक्टर किंवा आमच्यापैकी कुणीतरी तो घ्यायची पद्धत तपासेल, आणि जुना रिपोर्ट शेजारी ठेवला तर वर्षभरात एफईव्ही-वन टिकला की घसरला ते लगेच दिसेल. घाईगर्दीच्या ओपीडीत हे कुणी आपण होऊन केलं नाही, तर तुम्हीच म्हणा, “एकदा बघता का, मी बरोबर घेतोय ना?”